वाचकांचे प्रश्न : गेको किती मोठा होतो आणि दोन प्रजातींचा संकर होऊ शकतो का?

गेको, म्हणजे घरपालीच्या गोतातले सरपटणारे प्राणी, पाळणाऱ्या आणि पालींविषयी कुतूहल असणाऱ्या वाचकांची या वेळची बहुतेक पत्रे एकाच विषयाभोवती फिरत आहेत. एका प्रजातीचा मोठा आकार आणि दुसरीचा देखणा रंग एकाच प्राण्यात उतरवता येईल का, हे पत्रलेखकांना जाणून घ्यायचे आहे. पत्रे थोडक्यात देऊन त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण बाकीच्या प्रश्नांची मुळे त्यातच आहेत.

प्रश्न : माझ्याकडे लेपर्ड गेकोची मादी आणि क्रेस्टेड गेकोचा नर आहे. पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनिया द्वीपसमूहातला लीचियानस गेको फार मोठा होतो असे वाचले. गेको जास्तीत जास्त किती मोठा होतो? आणि माझ्याकडच्या गेकोंचा एकमेकांशी किंवा लीचियानसशी संकर करून मोठ्या अंगाची पिल्ले मिळतील का?

उत्तर : आधी आकाराविषयी. गेकोची लांबी सांगताना नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंतचा आकडा सर्रास सांगितला जातो, आणि तुलनेच्या वेळी तोच आपली फसगत करतो. गेको संकटात शेपूट टाकून देतात. बहुतेक प्रजातींना ती पुन्हा फुटते, पण नवी शेपूट मूळ शेपटीपेक्षा आखूड आणि बहुधा जाड असते. क्रेस्टेड गेकोला तर एकदा गेलेली शेपूट परत येतच नाही. त्यामुळे एकाच वयाच्या, एकाच अंगाच्या दोन प्राण्यांच्या एकूण लांबीत कित्येक सेंटिमीटरचा फरक पडू शकतो. म्हणून अभ्यासक नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळाशी असलेल्या अवस्कराच्या (मल आणि अंडी बाहेर पडण्याच्या वाटेच्या) आडव्या फटीपर्यंतचे अंतर मोजतात. घरी मोजायचे असेल तर प्राण्याला हाताने ताणू नये. पारदर्शक डब्याखाली मोजपट्टी ठेवून तो सरळ बसण्याची वाट पाहावी आणि खालून नाक व फट यांच्यातले अंतर वाचावे. सोबत वजनाची नोंद ठेवली, तर त्या दोन आकड्यांवरून प्राण्याचे अंग नेमके कळते.

या मापाने पाहिले तर गेकोंमधली तफावत थक्क करणारी आहे. डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या किनाऱ्याजवळच्या बेआता बेटावर स्फेरोडॅक्टिलस अरियासी नावाचा गेको आढळतो. ब्लेअर हेजेस आणि रिचर्ड थॉमस यांनी २००१ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पूर्ण वाढलेल्या प्राण्याचे अंग शेपूट वगळता १६ ते १८ मिलिमीटर भरते. एवढ्याशा शरीराला आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग फार असतो आणि त्यातून पाणी झपाट्याने उडून जाते, म्हणून असे बुटके गेको कुजलेल्या पानांच्या ओलसर थरात राहतात. दुसऱ्या टोकाला आपण म्हणता तो लीचियानस आहे. आज जिवंत असलेल्या गेकोंमध्ये तो सर्वांत थोराड. त्याची शेपूट अंगाच्या मानाने आखूड असूनही एकूण लांबी ३५ सेंटिमीटरच्या घरात जाते आणि मोठ्या प्राण्याचे वजन पाव किलोच्या पुढे सरकते. टोके गेको लांबीला त्याच्या जवळपास पोहोचतो, पण अंगाने सडपातळ असतो.

याहूनही मोठा एक गेको होऊन गेला, पण त्याचा पुरावा म्हणजे पेंढा भरलेला एकच नमुना आहे. फ्रान्समधल्या मार्से शहराच्या निसर्गेतिहास संग्रहालयात तो वर्षानुवर्षे ओळखीविना पडून होता. अॅलन देलकूर यांचे १९७९ साली त्याच्याकडे लक्ष गेले आणि १९८६ साली आरन बाउर आणि अँथनी रसेल यांनी त्याला नवी प्रजाती म्हणून नाव दिले. त्याचे अंग ३७ सेंटिमीटर आणि शेपटीसह लांबी सुमारे ६२ सेंटिमीटर आहे. तो कुठून आला याची नोंद नव्हती. शरीररचनेवरून आणि माओरी लोककथांमधल्या एका मोठ्या सरड्याच्या वर्णनावरून तो न्यूझीलंडचा असावा, असे बराच काळ मानले जात होते. त्याच नमुन्यातून मिळवलेल्या डीएनएच्या आधारे २०२३ साली वेगळा निष्कर्ष निघाला. हा प्राणी न्यू कॅलेडोनियातल्या गेकोंच्या गोतावळ्यातला होता. त्यासाठी जायगार्कॅनम हा स्वतंत्र वंश (जवळच्या प्रजातींचा गट) मांडण्यात आला. विशेष म्हणजे आजचा सर्वांत मोठा गेकोही त्याच द्वीपसमूहातला आहे. मात्र हे दोघे एकमेकांचे निकटचे नातलग नाहीत, म्हणजे तिथे मोठे अंग एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे घडले.

आता आपल्या दोन प्राण्यांकडे येऊ. लेपर्ड गेको आणि क्रेस्टेड गेको यांचा संकर होणार नाही. एकाच घरात, सारख्याच काचपेट्यांत राहत असले तरी ते दोन वेगळ्या कुळांतले (कुळ म्हणजे अनेक वंशांचा मोठा गट) प्राणी आहेत, आणि त्या कुळांच्या वाटा सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी किंवा त्याही आधी वेगळ्या झाल्या. हा दुरावा डोळ्यांनाही दिसतो. लेपर्ड गेकोला हलणाऱ्या पापण्या असतात आणि झोपताना तो डोळे मिटतो; क्रेस्टेड गेकोच्या डोळ्यांवर पापणीसारखी दिसणारी खवल्यांची झालर असली तरी पापणी नसते, आणि तो जिभेने डोळे चाटून स्वच्छ करतो. लेपर्ड गेकोच्या बोटांखाली चिकट पाती नसतात, त्यामुळे तो काचेवर चढू शकत नाही. क्रेस्टेड गेको काचेवर उलटाही चालतो. एक कोरड्या, खडकाळ जमिनीवर कीटक धरून खाणारा, तर दुसरा दमट जंगलातल्या फांद्यांवर पिकलेली फळे, मधुरस आणि कीटक खाणारा. मीलनासाठी एकमेकांना ओळखण्याच्या त्यांच्या गंधखुणाही वेगळ्या आहेत. त्यांना एका पेटीत ठेवले तर पिल्ले होणार नाहीत, पण दोघांपैकी एकाला चुकीच्या तापमानात आणि आर्द्रतेत दिवस काढावे लागतील आणि चावाचावी होईल ती वेगळीच. कृपया तसे करू नये.

क्रेस्टेड आणि लीचियानस यांचा प्रश्न थोडा निराळा आहे, कारण ते एकाच कुळातले आणि एकाच प्रदेशातले आहेत. २०१२ सालच्या पुनर्वर्गीकरणापर्यंत दोघांनाही राकोडॅक्टिलस या एकाच वंशात धरले जात होते. त्या वर्षी क्रेस्टेड गेकोला कोरेलोफस या वंशात हलवण्यात आले. जुनी पुस्तके आणि जुने तक्ते पाहून ते सख्खे भाऊबंद आहेत असा समज होतो, पण तो खरा नाही. क्रेस्टेडचा संकर त्याच वंशातल्या कोरेलोफस सारासिनोरम या गेकोशी झाल्याचे पाळणाऱ्यांना माहीत आहे. लीचियानसशी जोडी लावण्याचा विचार मात्र मी सोडून द्यायला सांगेन, आणि त्याला पहिले कारण आकाराचेच आहे. क्रेस्टेड नराचे वजन चाळीस-पन्नास ग्रॅम आणि लीचियानस मादीचे त्याच्या पाच-सहापट. लीचियानस आपल्या हद्दीविषयी अतिशय आक्रमक असतो, त्याचा जबडा दणकट असतो आणि जुळत नसलेल्या जोडीदाराला तो स्वजातीयांतही गंभीर जखमी करतो. अशा पेटीत लहान नर टाकणे म्हणजे त्याला मरणाच्या दारात सोडणे होय.

प्रश्न : मग गेकोंच्या दोन भिन्न प्रजातींचा संकर कुठे झालेला आहे का? झाला तर खेचरासारखी पिल्ले वांझ निघतात का?

उत्तर : झालेला आहे, निसर्गातही आणि प्रयोगशाळेतही, आणि पिल्ले वांझच निघतात असा नियम नाही.

प्रयोगाचे सर्वांत चांगले उदाहरण लेपर्ड गेकोंच्याच वंशातले आहे. सामान्य लेपर्ड गेको, म्हणजे युब्लेफारिस मॅक्युलारियस, आणि इराण, इराक, सीरिया व तुर्कस्तान या भागांत आढळणारा, अंगाने मोठा युब्लेफारिस अँग्रमैन्यू यांचा संकर चेक संशोधकांनी पद्धतशीरपणे केला आणि निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध केले. या दोन प्रजातींच्या मायटोकॉन्ड्रियातील (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांतील) डीएनएमध्ये सुमारे २.२ कोटी वर्षांचा दुरावा असूनही पहिल्या पिढीचे नर आणि मादी दोन्ही जगले आणि प्रजननक्षम निघाले. दुसऱ्या पिढीत जगण्याची क्षमता किंचित घटलेली दिसली. संकरजांचा मूळ प्रजातीशी पुन्हा संकर केल्यावर मिळालेली पिल्ले मात्र धडधाकट होती. माणूस आणि चिंपांझी यांच्या वाटा वेगळ्या होऊन जितका काळ लोटला त्याच्या तिपटीहून अधिक काळ या दोन पालींनी वेगळा काढला आहे, हे लक्षात घेतले म्हणजे सरपटणाऱ्या प्राण्यांमध्ये संकराची दारे किती उशिरा बंद होतात हे समजते.

आपल्या दृष्टीने त्या प्रयोगातली सर्वांत उपयोगी गोष्ट शरीरलक्षणांची आहे. पहिल्या पिढीची लक्षणे दोन्ही पालकांच्या बरोबर मध्यावर न येता बरीचशी सामान्य लेपर्ड गेकोकडे झुकली. पुढच्या पिढ्यांमध्ये नर आणि मादी यांच्या आकारातला नेहमीचा फरकही कमी झाला. म्हणजे ‘मोठा अधिक लहान भागिले दोन’ असे गणित मांडून आपण पिल्लांचा आकार ठरवू शकत नाही, मग मोठ्या पालकाहून मोठे पिल्लू मिळण्याची अपेक्षा तर दूरच राहिली.

निसर्गातल्या संकरासाठी जपानकडे पाहावे. गेको जॅपोनिकस आणि गेको तावाएन्सिस या दोन प्रजातींचे प्रदेश जिथे एकमेकांवर येतात, तिथे त्यांचा मोठ्या प्रमाणावर संकर होत असल्याचे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात आढळले. या दोन्ही प्रजाती एकाच वंशातल्या, आकाराने आणि राहणीने जवळच्या आहेत. संकर कुठे होतो याचा ढोबळ नियम यातून मिळतो. वंश एक असेल, गुणसूत्रांची मांडणी जुळत असेल, अंगाचे माप जवळपास असेल आणि मीलनाच्या वेळचे आवाज व गंध परस्परांना परके वाटत नसतील, तर शक्यता असते. यातली एकेक अट गळत गेली की शक्यता वेगाने खाली येते. कुळ बदलले की ती संपते.

संकराचा याहून चमत्कारिक परिणाम काही गेकोंमध्ये पाहायला मिळतो, तो म्हणजे नरांवाचून चालणारी प्रजाती. पॅसिफिक बेटांवर सर्वदूर पसरलेला लेपिडोडॅक्टिलस लुगुब्रिस, ज्याला मोर्निंग गेको म्हणतात, हा मूळचा दोन प्रजातींच्या संकरातून निर्माण झाला. त्यात माद्याच असतात. त्या फलनाशिवाय अंडी घालतात आणि पिल्ले आईची जनुकीय प्रतिकृती असतात. त्यांच्या काही वाणांत ४४ गुणसूत्रे आढळतात, तर काहींत ६६, म्हणजे तीन संच. हेमिडॅक्टिलस गार्नोटी या घरपालीच्या नात्यातल्या प्रजातीचीही हीच गोष्ट. तिच्यात गुणसूत्रांचे तीन संच आहेत आणि नर नाहीत, हे १९६९ साली दाखवण्यात आले. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातल्या हेटेरोनोशिया बिनोई या गेकोतही असे मादीवंश संकरातून उपजले आहेत. संकरजाला सामान्य पद्धतीने अंडपेशी बनवणे अवघड जाते, कारण दोन परक्या संचांतली गुणसूत्रे नीट जोड्या लावू शकत नाहीत; क्वचित प्रसंगी एखादी मादी ही पायरीच टाळून सबंध संच अंड्यात उतरवते आणि तिचा वंश चालू राहतो. मात्र यातले कोणतेही वाण आकाराने मोठे झालेले नाहीत. मोर्निंग गेको शेपटीसह जेमतेम नऊ-दहा सेंटिमीटरचा असतो.

प्रश्न : ‘जायंट’ म्हणून विकले जाणारे लेपर्ड गेको संकरज असतात का? साधा लेपर्ड गेको चांगले खाऊ घालून तेवढा करता येईल का?

उत्तर : ‘जायंट’ हा एकाच प्रजातीतून निवडीने तयार केलेला वाण आहे. साधा नर साधारण ६० ते ८० ग्रॅम भरतो, मादी त्याहून हलकी असते. जायंट म्हणवणारे प्राणी शंभर ग्रॅमच्या पुढे जातात. मोठ्या आई-बापांची मोठी पिल्ले निवडून पुढे पैदास करत राहिल्याने हे साधते. या बाजारात लेपर्ड गेकोच्या इतर प्रजातींचे रक्त मिसळलेले प्राणीही फिरतात, त्यामुळे विकणारा वंशावळ दाखवू शकत नसेल, तर त्याच्या पाटीवरच्या शब्दावर विसंबू नये.

खाऊ घालून प्राणी मोठा होत नाही, लठ्ठ होतो. हाडांचा सांगाडा किती वाढायचा याची कमाल मर्यादा जनुके ठरवतात. खाद्य, ऊब, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांनी प्राणी त्या मर्यादेपर्यंत पोहोचतो किंवा अलीकडेच खुंटतो, एवढेच. काखेत फुगीर गाठोडी दिसू लागली आणि शेपूट मानेपेक्षा बरीच जाड झाली की खाणे कमी करण्याची वेळ आली असे समजावे. उबवणीच्या तापमानाचा मात्र अप्रत्यक्ष संबंध आहे. लेपर्ड गेकोचे लिंग गुणसूत्रांवर ठरत नाही. सुमारे २६ अंश सेल्सिअसला उबवलेल्या अंड्यांतून जवळजवळ सगळ्या माद्या निघतात, ३२.५ अंशांच्या आसपास बहुतांश नर आणि ३४ अंशांच्या पुढे पुन्हा बहुतांश माद्या. नर अंगाने मोठे होतात, म्हणून ‘अमुक तापमानाला पिल्ले मोठी निघतात’ या अनुभवामागे पुष्कळदा एवढेच कारण असते.

प्रश्न : लीचियानसमध्ये बेटागणिक वेगळे वाण असल्याचे ऐकले. एकाच प्रजातीचे असतील तर त्यांचा संकर करण्यात काय बिघडते?

उत्तर : पिल्ले होण्यात काहीच अडचण येत नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ग्रांद तेर या मुख्य बेटावरचे लीचियानस अंगाने मोठे असतात. दक्षिणेकडच्या पाइन्स बेटाच्या भोवती असलेल्या नू आना, नू आमी यांसारख्या छोट्या बेटांवरचे लहान, आणि अनेकदा अंगावर फिकट ठिपके-पट्टे असलेले. पाळणाऱ्यांना मुख्य बेटाचा आकार आणि छोट्या बेटाचे रंग एकत्र हवे असतात. ही इच्छा मी समजू शकतो. परंतु छोट्या बेटांवरची संख्या मुळातच थोडी आहे, तिथल्या प्राण्यांचे लहान अंग हा त्या बेटावरच्या जगण्याचा परिणाम आहे, आणि पाळीव अवस्थेत शुद्ध राखलेले वाण ही त्या वेगळेपणाची एकमेव हाताशी असलेली नोंद ठरू शकते. एकदा मिश्रण झाले की ते वेगळे काढता येत नाही. तिसऱ्या-चौथ्या पिढीतला प्राणी दिसायला नू आनाचा आणि रक्ताने निम्मा ग्रांद तेरचा असू शकतो, आणि नुसते पाहून तज्ज्ञालाही ते सांगता येणार नाही.

शिवाय आकाराच्या लोभाने केलेल्या अशा संकरातून हवा तो आकार हमखास मिळत नाही. पिल्ले बहुधा मधल्या मापाची निघतात आणि पूर्ण वाढायला तीन-चार वर्षे किंवा अधिक लागतात. तोवर आपण काय मिळवले हे कळतही नाही. ज्याला मोठा लीचियानस हवा आहे त्याने मुख्य बेटाच्या वाणाचा, वंशावळ असलेला प्राणी घ्यावा. ज्याला रंग हवे आहेत त्याने लहान वाण घ्यावा आणि त्याच्या लहानपणावर प्रेम करावे.

प्रश्न : संकराने नाही तर नाही, पण गेको घोरपडीएवढा का होत नाही?

उत्तर : भिंतीवर चढणाऱ्या गेकोंपुरते याचे एक सुरेख भौतिक कारण आहे. टोके गेकोच्या एका पायाच्या पंजाखाली सुमारे पाच लाख सूक्ष्म केस असतात, प्रत्येक केस टोकाशी शेकडो चपट्या तंतूंत विभागलेला असतो, आणि हे तंतू पृष्ठभागाच्या इतके जवळ जातात की रेणूंमधले क्षीण आकर्षण एकत्र येऊन प्राण्याचे वजन पेलते. चिकटण्याची ताकद पंजाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, वजन मात्र घनफळाबरोबर वाढते. अंग दुप्पट लांब झाले की क्षेत्रफळ चौपट होते आणि वजन आठपट. म्हणून प्राणी जितका मोठा, तितका शरीराचा अधिक भाग चिकट पात्यांना द्यावा लागतो. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली हा हिशोब मांडला तेव्हा गेकोच्या बाबतीत हे प्रमाण शरीराच्या पृष्ठभागाच्या चार टक्क्यांच्या थोडे पुढे निघाले, आणि माणसाला भिंतीवर चालायचे झाले तर सुमारे ४० टक्के पृष्ठभाग चिकट असावा लागेल असे दिसले. गेको या मर्यादेच्या काठाजवळच उभे आहेत. जमिनीवर राहणाऱ्या गेकोंना ही अडचण लागू होत नाही, पण मुख्यतः कीटकांवर आणि बहुधा रात्री जगणाऱ्या प्राण्याला मोठ्या अंगाचा फारसा फायदाही नसतो.

प्रश्न : टोके गेकोचे वजन ठराविक ग्रॅमच्या पुढे गेले तर त्याला मोठी किंमत येते असे सांगतात. संकराने वजन वाढवण्याचा कोणी प्रयत्न केला आहे का?

उत्तर : या विषयात कृपया पडू नये. मोठ्या टोकेला अफाट किंमत मिळते ही अफवा आग्नेय आशियात पसरली, तिच्या मुळाशी हा प्राणी एड्ससारख्या रोगांवर औषध आहे ही निराधार समजूत होती, आणि तिच्यापायी जंगलातून असंख्य प्राणी पकडले गेले. फिलिपीन्सच्या आरोग्य खात्याला २०११ साली अशा उपचारांविरुद्ध जाहीर इशारा द्यावा लागला. २०१९ साली टोके गेकोचा समावेश वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या साइटस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात झाला, त्यामुळे त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर आता परवान्यांचे नियंत्रण आहे. टोके औषध नाही, आणि त्याच्या वजनाला त्या अर्थाने कोणतेही मोल नाही.

प्रश्न : माझी लेपर्ड गेको मादी गेले काही महिने एकटी आहे. शेजारच्या पेटीत आफ्रिकन फॅट-टेल्ड नर आहे आणि एकदा चुकून दोघे एकत्र आले होते. आता तिने दोन अंडी घातली आहेत. ती संकराची असतील का?

उत्तर : तशी शक्यता मी धरणार नाही. फॅट-टेल्ड गेको लेपर्ड गेकोच्याच कुळातला असला तरी त्याचा वंश वेगळा आहे आणि दोघांतले अंतर फार जुने आहे. त्याआधी दुसरी कारणे तपासावीत. ती आपल्याकडे येण्यापूर्वी स्वतःच्या प्रजातीच्या नराबरोबर होती का? गेकोंच्या माद्या शुक्राणू शरीरात साठवून ठेवू शकतात. घरात दिसणाऱ्या हेमिडॅक्टिलस फ्रेनाटस या पालीत हा काळ ३६ आठवड्यांपर्यंत गेल्याचे नोंदले आहे, आणि लेपर्ड गेकोची मादीही एका मीलनानंतर फलित अंड्यांच्या अनेक जोड्या घालते. नराशी कधीच संबंध आला नसेल तर अंडी बहुधा अफलित आहेत, कारण पूर्ण वाढलेल्या माद्या नराविनाही अंडी घालतात.

पाहण्याची रीत अशी. अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने हलकी खूण करावी आणि उचलताना ते फिरू देऊ नये, कारण आत गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटलेला असला तर उलटल्याने मरतो. अंधाऱ्या खोलीत लहान विजेरी अंड्याला खालून लावावी. आठवड्याभराच्या फलित अंड्यात गुलाबी लाल वर्तुळ आणि त्यातून फुटणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या दिसतात. अफलित अंडे सर्वत्र पिवळसर उजळते आणि काही दिवसांत पिचकते किंवा त्यावर बुरशी चढते. पिल्लू निघालेच आणि ते संकराचे आहे असा दावा करायचा असेल, तर रंगावरून तो करू नये, कारण लेपर्ड गेकोच्या पिल्लांचे पट्टे वाढीबरोबर ठिपक्यांत बदलतात आणि पाळीव वाणांत रंगांची विविधता अफाट आहे. त्यासाठी आई, संभाव्य बाप आणि पिल्लू या तिघांची डीएनए तपासणीच हवी.

प्रश्न : माझ्याकडे युब्लेफारिस वंशातल्या दोन प्रजातींच्या संकराची पिल्ले आधीच आहेत. आता काय करावे?

उत्तर : ती पिल्ले इतर कोणत्याही लेपर्ड गेकोइतकीच काळजीला पात्र आहेत, आणि चांगल्या निगराणीत पंधरा-वीस वर्षे जगतील. त्यांचे खाणे, तापमान आणि आडोसा मूळ प्रजातींसारखाच ठेवावा. पेटीवर आणि नोंदवहीत दोन्ही पालकांची प्रजाती, अंडे घातल्याची आणि पिल्लू निघाल्याची तारीख लिहून ठेवावी, आणि पिल्लू कोणाला दिले तर ही नोंद लेखी द्यावी. ती पुढे पैदाशीसाठी वापरू नयेत, विशेषतः शुद्ध प्रजातीच्या प्राण्यांशी त्यांची जोडी लावू नये; वर सांगितलेल्या प्रयोगात अशा जोड्यांची पिल्ले पूर्ण निरोगी निघाली होती, आणि नेमके त्यामुळेच मिश्रण कोणाच्या लक्षात न येता पसरते. परदेशी प्रजाती पाळण्याविषयी आपल्याकडे लागू असलेल्या कायद्याची पूर्तता झाली आहे की नाही, तेही पाहून घ्यावे. पालकांची जोडी अजून एकत्र असेल तर नर आजच वेगळ्या पेटीत हलवावा. त्यानंतरही साठवलेल्या शुक्राणूंमुळे मादी त्या हंगामात फलित अंडी घालत राहील, म्हणून अंडी घालण्यासाठी ठेवलेला ओलसर डबा नियमित तपासावा आणि नको असलेली अंडी घातल्याच्या दिवशीच काढून गोठवावीत, म्हणजे गर्भ वाढीला लागणार नाही.